मुख्यमंत्र्यांच्या हातात नेमकं किती असतं? यशवंतरावांची कारकीर्द समोर ठेवून, सोप्या भाषेत

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे एकच विषय, मुख्यमंत्री कोण. तो ठरला की मग उपमुख्यमंत्री किती, गृहखातं कुणाकडे, नाराज कोण, पालकमंत्री कोण. २०२४ ला तर ५ डिसेंबरला मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, बाकीच्या मंत्र्यांचा १५ ला नागपुरात आणि खाती वाटली गेली २१ ला, तोवर रोज संध्याकाळी टीव्हीवर तेच. पुण्यात कुठल्याही अमृततुल्यपाशी थोडा वेळ उभं राहिलात तर एक जण म्हणत असतो "मुख्यमंत्र्यांनी मनात आणलं ना तर एका दिवसात काम होईल" आणि त्याच्या शेजारचा म्हणतो "छे हो, त्यांच्या हातात काय आहे, सगळं दिल्ली ठरवते." या दोघांचंही थोडं थोडं खरं आहे आणि म्हणूनच सामान्य माणसाचा गोंधळ होतो, कारण काम झालं नाही की शिव्या कुणाला द्यायच्या हेच कळत नाही.

म्हणून हा लेख. आत्ताच्या कुणा मुख्यमंत्र्याचं उदाहरण घेतलं की लगेच कमेंटमध्ये पक्षाची भांडणं सुरू होतात, त्यामुळे मी यशवंतराव चव्हाणांचं घेतोय. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ते या खुर्चीच्या सगळ्या बाजूंना बसलेत. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक (म्हणजे मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र असलेल्या) मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, १९६२ च्या नोव्हेंबरात चीन युद्धाच्या वेळी दिल्लीला संरक्षणमंत्री, पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र, मग लोकसभेत विरोधी पक्षनेते, १९७९ ला उपपंतप्रधान, आणि शेवटी आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. म्हणजे राज्याचा माणूस म्हणून दिल्लीकडे मागणारेही तेच आणि दिल्लीत बसून राज्यांना देणारेही तेच.

आधी बेसिक: मुख्यमंत्र्याला निवडतं कोण?

आपण नाही निवडत. हे ऐकून बऱ्याच लोकांना अजूनही धक्का बसतो. आपण निवडतो आमदार. हौसिंग सोसायटीत जसं सगळे सभासद कमिटी निवडतात आणि मग कमिटी आपल्यातून चेअरमन ठरवते, साधारण तसं. घटनेच्या कलम १६४ प्रमाणे मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि बाकीचे मंत्री मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने नेमले जातात, पण राज्यपालांना वाटेल तो माणूस नेमता येत नाही, विधानसभेत ज्याच्यामागे बहुमत आहे त्यालाच बोलवावं लागतं. आपल्या विधानसभेत २८८ जागा, म्हणजे १४५ चा आकडा पाहिजे. आमदार नसलेला माणूसही मुख्यमंत्री होऊ शकतो, फक्त सहा महिन्यांत विधानसभा किंवा विधान परिषद यापैकी कुठेतरी निवडून यावं लागतं. पृथ्वीराज चव्हाण २०१० ला दिल्लीहून आले ते असेच आणि उद्धव ठाकरे २०१९ ला झाले तेही असेच, दोघं नंतर विधान परिषदेवर गेले.

आणि जाता जाता, उपमुख्यमंत्री हे पद घटनेत कुठेच नाही. कायद्याच्या नजरेत तो इतर मंत्र्यांसारखाच एक मंत्री. उपपंतप्रधानाचंही तेच.

आता १९५६ चं बघा. मुंबई राज्य तेव्हा गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ सगळं धरून एकच मोठं. काँग्रेसच्या आमदारांनी नेता निवडायचा होता, उभे होते यशवंतराव आणि भाऊसाहेब हिरे, चक्क मतदान झालं, यशवंतरावांना ३३३ मतं आणि हिऱ्यांना १११. वय ४३. गुजराती आमदारांचा पाठिंबा नसता तर हे झालं नसतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वर्षी १९५७ ची निवडणूक झाली, त्यात पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने (मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्यांची आघाडी) काँग्रेसला अक्षरशः झोपवलं. आपल्या पुण्यातून नानासाहेब गोरे लोकसभेत गेले आणि एसएम जोशी विधानसभेत. खुद्द यशवंतराव कऱ्हाडमधून कसेबसे निघाले. तरीही मुख्यमंत्री तेच, कारण ३९६ च्या सभागृहात काँग्रेसकडे २३४ होते, गुजरात आणि विदर्भ-मराठवाड्याच्या जिवावर. ज्या लोकांमध्ये वाढले त्यांनीच नाकारलेलं आणि तरी त्यांच्यावर राज्य करायचं! कायद्याने शंभर टक्के बरोबर. पण नुसत्या बहुमतावर किती दिवस रेटता येतं, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्यासमोर होता आणि माझ्या मते त्यांची पुढची सगळी कारकीर्द या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेली.

मग पाच वर्षं का टिकत नाहीत?

१९६० पासून आजपर्यंत महाराष्ट्रात पूर्ण पाच वर्षांची टर्म सलग काढलेले मुख्यमंत्री फक्त दोन, वसंतराव नाईक (१९६७-७२) आणि देवेंद्र फडणवीस (२०१४-१९). बाकीचे सगळे मध्येच गेले, कुणी पक्षाने बदलला म्हणून, कुणी बहुमत गेलं म्हणून, कन्नमवार तर पदावर असतानाच वारले. याचं कारण असं की मुख्यमंत्र्याची खुर्ची दोन गोष्टींवर उभी असते, सभागृहातला आकडा आणि पक्षाची मर्जी. आकडा मोजता येतो, त्यासाठी विश्वासदर्शक ठराव असतो म्हणजे सभागृहात उभं राहून माझ्या बाजूने इतके आहेत हे मतदानाने दाखवायचं. मर्जी मोजता येत नाही.

२०१९ ला फडणवीसांची सकाळी सकाळी शपथ झाली आणि चौथ्या दिवशी राजीनामा, का तर सुप्रीम कोर्टाने लगेच सभागृहात आकडा दाखवा म्हणून सांगितलं आणि आकडा नव्हता. २०२२ ला उद्धव ठाकऱ्यांनी ठरावाआधीच राजीनामा दिला. पुढे ११ मे २०२३ च्या निकालात कोर्ट म्हणालं की राज्यपालांनी तेव्हा बहुमत सिद्ध करायला सांगणं योग्य नव्हतं, पण तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात म्हणून आता तुम्हाला परत बसवता येत नाही. कायद्याचं हे टोक किती बारीक आहे बघा.

मुख्यमंत्र्यांनी सही केली म्हणजे काम झालं का?

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांची वडिलोपार्जित जागा, तिचा एक पट्टा रस्ता रुंदीत गेलेला, मोबदला अडकलेला. त्यांनी एका कार्यक्रमात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना निवेदन दिलं. निवेदनाच्या डाव्या कोपऱ्यात तिरपा शेरा मिळाला, "प्र.स. नगरविकास, तपासून सादर करावे" (प्र.स. म्हणजे प्रधान सचिव) आणि खाली सही. काकांनी त्या कागदाची झेरॉक्स लॅमिनेट करून घेतली आणि प्रत्येक ऑफिसात "सीएमची ऑर्डर आहे" म्हणून टेबलावर ठेवायचे. समोरचा क्लार्क तो कागद उलटसुलट बघायचा आणि परत द्यायचा. काका भयंकर चिडायचे, आणि त्यांची चिडचिड मला समजते कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ती ऑर्डर नाहीये.

शेरा म्हणजे हुकूम नाही. "तपासून सादर करावे" याचा अर्थ एवढाच, की खात्याने या प्रकरणाची फाईल तयार करून आपलं मत लिहून माझ्यासमोर आणावी. "नियमानुसार कार्यवाही करावी" असा शेरा असेल तर त्याचा अर्थ, जे नियमात बसतं ते करा, म्हणजे बसत नसेल तर नाही म्हणा. या शेऱ्यानंतर खरा प्रवास सुरू होतो. कक्ष अधिकारी टिपणी लिहितो (टिपणी म्हणजे फाईलमधलं ते पान ज्यावर प्रत्येक जण आपलं मत आणि सही टाकतो), मग अवर सचिव, उपसचिव, सचिव, मग खात्याचे मंत्री. पैशाचा विषय असला की फाईल वित्त विभागाकडे अभिप्रायाला जाते आणि कायद्याचा काही पेच असला की विधी व न्याय विभागाकडे. कुठला विषय कुणी ठरवायचा, काय मुख्यमंत्र्यांपर्यंत न्यायचं, काय मंत्रिमंडळात, हे सगळं कार्यनियमावलीत लिहिलेलं असतं, ती घटनेच्या कलम १६६ खाली बनते. हे सगळं होऊन शेवटी जो कागद निघतो तो शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात. कुठलाही जीआर उघडून खाली बघा, ओळ असते "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने", आणि सही सचिव-उपसचिवाची. मुख्यमंत्र्यांची सही जीआरवर नसतेच.

सुप्रीम कोर्टाने १९६२ सालीच बच्चितर सिंग नावाच्या पंजाबातल्या केसमध्ये सांगून ठेवलंय, फाईलवर मंत्र्याने काहीही लिहिलं तरी तो रीतसर आदेश म्हणून निघून संबंधित माणसाला कळवला जात नाही तोवर तो सरकारचा आदेश होत नाही, मंत्री आपलं मत बदलू शकतो. काकांचा कागद त्या दृष्टीने प्रवासाची फक्त सुरुवात होती.

हे सगळं लोकांना छळायला केलंय असं वाटतं आणि कधी कधी तसं वापरलंही जातं, ते मी नाकारत नाही. पण एका माणसाच्या सहीने जमीन देता येत असती तर ती काकांना मिळाली असती की दुसऱ्याच कुणाला, याचाही विचार करा.

पैसा कुठून येतो?

थोडक्यात सांगतो. २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला आणि राज्याचे बरेचसे कर त्यात गेले, आता त्याचे दर जीएसटी कौन्सिलमध्ये सगळी राज्यं आणि केंद्र मिळून ठरवतात. दारू, पेट्रोल-डिझेल, जमिनीचं मुद्रांक शुल्क असं काही राज्याकडे उरलंय. जमा झालेल्या पैशातला मोठा वाटा पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज यात आधीच बांधलेला असतो, उरतं त्यात घोषणा. आणि केंद्राच्या करांतला काही हिस्सा राज्यांना मिळतो, तो किती आणि कुणाला हे दर पाच वर्षांनी वित्त आयोग सांगतो. पंधराव्या आयोगाने राज्यांना ४१ टक्के दिले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. म्हणजे केंद्राच्या वाटणीयोग्य करांतल्या शंभर रुपयांतले साधारण २ रुपये ६० पैसे आपल्याकडे. मुंबई-पुणे एवढं कमावतात आणि परत एवढंच का, असा राग येतो, पण आयोगाचं गणितच असं आहे की गरीब आणि मोठ्या लोकसंख्येच्या राज्याला जास्त. यशवंतराव आठव्या आयोगाचे अध्यक्ष होते तेव्हा मागणाऱ्यांच्या रांगेत महाराष्ट्रही होता. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते, आयुष्यभर एका राज्याचा म्हणून ओळखला गेलेला माणूस शेवटचं मोठं काम करतो ते सगळ्या राज्यांना वाटणी करून देण्याचं.

मग मुख्यमंत्र्याची खरी ताकद कशात? पानशेत आठवा

इतकं सगळं वाचून वाटेल की मुख्यमंत्री म्हणजे नुसता शिक्का. तसंही नाही.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून झालेलं नव्हतं, त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं आणि ते फुटलं. ते पाणी खडकवासल्यात घुसून तेही फुटलं आणि मुठेने नदीकाठच्या पेठा धुऊन काढल्या. नारायण पेठ, शनिवार पेठेतल्या जुन्या घरांत आजही म्हातारी माणसं भिंतीवर हात ठेवून "इथपर्यंत पाणी होतं" म्हणून दाखवतात. सोन्यासारखे संसार गेले, वाडे बसले, हजारो कुटुंबं उघड्यावर आली. यशवंतराव तेव्हा मुख्यमंत्री.

धरण त्यांनी बांधलेलं नव्हतं पण जबाबदारी त्यांच्याकडेच येते, सामुदायिक जबाबदारी म्हणतात ती हीच, म्हणजे एका खात्याने केलेल्या कामाचा जाब सगळ्या मंत्रिमंडळाने विधानसभेत द्यायचा. चौकशी आयोग नेमला, त्यातही दुःखद प्रकार घडला, आधी नेमलेल्या न्यायमूर्ती बावडेकरांनी चौकशी चालू असतानाच आत्महत्या केली आणि मग न्यायमूर्ती नाईकांनी काम पूर्ण केलं. पण शहर उभं कसं करायचं? यशवंतरावांनी स. गो. बर्वे यांना पुण्याला पाठवलं. बर्वे आयसीएस (म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेतले) अधिकारी, पुण्याचे आयुक्त राहिलेले, गल्ली न् गल्ली माहीत असलेले. त्यांच्याकडे अधिकार दिले आणि त्यांना काम करू दिलं. गोखलेनगर, सहकारनगर भागातल्या पूरग्रस्तांच्या वसाहती त्या काळातल्या. पुणेकरांनी बर्व्यांना काय मानलं ते पुढच्याच वर्षी दिसलं, ते नोकरी सोडून उभे राहिले आणि १९६२ ला शिवाजीनगरातून आमदार झाले, मंत्रीही झाले.

मुख्यमंत्र्याची ताकद इथे आहे. माणूस निवडायची. कुठल्या जागी कुठला अधिकारी बसवायचा, त्याच्या पाठीशी किती उभं राहायचं आणि त्याची बदली कुणाच्या सांगण्यावरून करायची किंवा नाही करायची, हे सगळं मुख्यमंत्र्याच्या हातात असतं. आजही सनदी अधिकाऱ्यांच्या बदल्यांची फाईल त्यांच्याकडेच जाते. दुसरी ताकद, मंत्रिमंडळात कुठला विषय कधी आणायचा ते ठरवणं. आपल्याकडचं सांगायचं तर पीएमआरडीएचे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात, त्यामुळे हिंजवडीच्या रस्त्याचा प्रश्न असेल तर तिथे "माझ्या हातात नाही" असं कुठल्याच मुख्यमंत्र्याला म्हणता येणार नाही.

"पण शेवटी सगळं दिल्लीच ठरवते ना?"

मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही हे दिल्लीनेच ठरवलं होतं, त्यामुळे आक्षेप अगदीच चुकीचा नाही. १९५५ च्या डिसेंबरात फलटणला यशवंतरावांनी जाहीर सांगितलं होतं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यातलं एक निवडायची वेळ आली तर ते नेहरूंच्या बाजूने राहतील. महाराष्ट्र खवळला. ६ फेब्रुवारी १९५६ ला इथेच, पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आंदोलनात शंभराहून जास्त माणसं गेली. त्या घरांना फलटणचं भाषण विसरा म्हणून सांगायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. मला स्वतःला यशवंतरावांबद्दल खूप आदर आहे आणि तरी मला वाटतं की त्या वेळी ते चुकले, नेत्याने पक्षाच्या आत भांडावं पण आपल्या माणसांच्या भावनेविरुद्ध असं व्यासपीठावरून उभं राहू नये.

पण नंतर काय केलं तेही बघायला पाहिजे. द्वैभाषिक राज्य त्यांनी नीट चालवलं, म्हणजे गुजराती आमदारांना पक्षपाताचा आरोप करायला जागा ठेवली नाही. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू आले तेव्हा समितीने प्रचंड निदर्शनं केली. सरकारने ती चिरडली नाहीत, एसएमनी ती शांततेत ठेवली आणि नेहरूंनी लोकांच्या मनात काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे काँग्रेसमध्ये आतून पटवापटवी चालू राहिली, इंदिरा गांधी पक्षाध्यक्ष झाल्यावर त्याला जोर आला, आणि १ मे १९६० ला राज्य झालं. श्रेय रस्त्यावरच्या माणसांचं आहे, यात मला शंका नाही. पण रस्त्यावरची मागणी कायद्याच्या कागदावर उतरायला आत बसून दिल्लीला सांगणारा कुणीतरी लागतो आणि त्याचं दिल्लीत ऐकलं जावं लागतं. मुख्यमंत्र्याची दिल्लीतली पत म्हणतात ती हीच. ती घटनेत कुठे लिहिलेली नाही, पण तिच्याशिवाय रेल्वे, विमानतळ, संरक्षण खात्याची जमीन यातलं काहीही हलत नाही आणि पुण्यात तर लष्कराची जमीन पावलोपावली लागते, रस्ता थोडा रुंद करायचा तरी दिल्लीची परवानगी.

बेरजेचं राजकारण म्हणजे फोडाफोडी का?

आजकाल कुणी पक्ष बदलला की नेते म्हणतात हे यशवंतरावांचं बेरजेचं राजकारण. यशवंतरावांनी समितीतल्या, शेतकरी कामगार पक्षातल्या बऱ्याच लोकांना काँग्रेसमध्ये आणलं हे खरं आहे आणि त्याने विरोधी पक्ष दुबळे झाले हेही खरं आहे, त्याची टीका तेव्हाही झाली. पण त्यांच्या बेरजेत आणखी बरंच होतं. नवीन राज्य मराठी माणसाचं होणार की एका जातीचं, हे पत्रकार ग. त्र्यं. माडखोलकरांनी त्यांना भर सभेत विचारलं होतं आणि त्यांनी ते राज्य सगळ्या मराठी माणसांचं असेल असं जाहीर सांगितलं. धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू ठेवल्या. गरीब घरातल्या मुलांना फी माफ केली, ती ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलत आठवत असेल आपल्या आईवडिलांच्या पिढीला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या माणसाला साहित्य संस्कृती मंडळाचं काम दिलं. विदर्भाला, मराठवाड्याला आपण परके नाही असं वाटावं म्हणून जे केलं ते वेगळंच.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १९६७ नंतर हरियाणापासून सगळीकडे आमदारांच्या उड्या सुरू झाल्या, आयाराम गयाराम, तेव्हा केंद्राने पक्षांतरावर एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते गृहमंत्री यशवंतराव. समितीने १९६९ ला सुचवलं की पक्ष बदलणाऱ्याला परत निवडून आल्याशिवाय मंत्री करू नये आणि मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा घालावी. कारण साधं, मंत्रिपदाचं आमिषच राहिलं नाही तर उडी मारणार कशाला. तेव्हा कायदा झाला नाही. पक्षांतरबंदी आली १९८५ ला, ते गेल्यावर. मंत्र्यांच्या संख्येची मर्यादा तर २००३ ला आली, सभागृहाच्या १५ टक्के, म्हणून महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३ मंत्री. २००३ च्याच दुरुस्तीने एक तृतीयांश आमदार फुटले तर चालेल ही पळवाट बंद झाली, दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची मात्र उघडी राहिली, आणि अपात्र कोण हे ठरवायचं विधानसभा अध्यक्षांनी, जे स्वतः कुठल्या ना कुठल्या पक्षाचे असतात. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत जे पाहिलं त्याचं मूळ या दोन ओळींत आहे.

हातातली सत्ता स्वतःहून वाटून टाकणारा

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हे. मुख्यमंत्री असताना वसंतराव नाईकांची समिती नेमली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू केल्या. शाळा, दवाखाने, गावचे रस्ते, पाणी, हे सगळं मंत्रालयातून काढून जिल्ह्यात. तेही असं की आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचं सदस्य होता येणार नाही, कलेक्टरचा वरचष्मा नाही, त्यासाठी वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी. आपल्याच आमदारांच्या हातातून कामं वाटायची सत्ता काढून घेणं कुठल्याही मुख्यमंत्र्याला किती अवघड असेल! पण त्यातून खेड्यापाड्यातल्या नवीन पोरांची एक अख्खी फळी तयार झाली, पुढचे कितीतरी मंत्री आधी जिल्हा परिषदेत होते.

आणि उलटं झालं की काय होतं ते आपण पुण्यात भोगलंय. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, जिल्हा परिषदेचीही, निवडणुका लांबत गेल्या, आरक्षण आणि प्रभागरचनेच्या केसेस कोर्टात, शेवटी मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. तोपर्यंत प्रशासक, म्हणजे राज्य सरकारने नेमलेला अधिकारी सगळं ठरवत होता. ड्रेनेज तुंबलं तर जायचं कुणाकडे? नगरसेवकच नव्हता. मग माणसं मुख्यमंत्र्यांना निवेदन द्यायची ड्रेनेजचं.

"तेव्हाचे नेते मोठे, आताच्यांबद्दल काय बोलायचं"

हे मला पटत नाही. यशवंतरावांनाही कुंपणावरचे म्हणून हिणवलं गेलं. १९६९ ला काँग्रेस फुटताना, १९७८ ला परत फुटताना त्यांचं नेमकं काय चाललंय हे जवळच्यांनाही कळेना. १९७९ ला चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले, ते सरकार काही महिन्यांत गेलं. मग इंदिराबाईंच्या पक्षात परत जायचं ठरवलं तर त्यांना दारात ताटकळत ठेवलं गेलं. ज्याने चार मोठी खाती सांभाळली त्याच्यावर ही वेळ. १ जून १९८३ ला पत्नी वेणूताई गेल्या आणि त्यानंतर ते खचलेच, २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत गेले.

शेवटच्या वर्षांत त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. 'कृष्णाकाठ' छापून आलं ते त्यांच्या जाण्याच्याच वर्षी. ते संपतं १९४६ ला. देवराष्ट्रे, आई विठाबाई, कऱ्हाडची शाळा, १९३२ ला झालेली सजा आणि येरवड्याच्या तुरुंगातलं वाचन, पुण्यातलं लॉ कॉलेज, बेचाळीस, सगळं आहे. पण मुख्यमंत्रिपद, फलटण, प्रतापगड, पानशेत, दिल्ली यावर लिहायचं राहूनच गेलं. मला याची फार रुखरुख आहे. खुर्चीवर बसून काय करता येतं आणि काय नाही हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकलं नसतं, आणि आपल्याला ते भाषणांतून, पत्रांतून, इतरांनी लिहिलेल्यातून वेचावं लागतं. जे आत्ता माजी मुख्यमंत्री आहेत त्यांनी खरंच लिहावं, सत्काराच्या ग्रंथात नाही, तर फाईल कुठे अडली, कुणाचा फोन आला, कुठे मान खाली घालावी लागली असं सगळं.

मग आपण काय करायचं?

काम कुणाचं आहे ते आधी बघा. ड्रेनेज, कचरा, गल्लीतला रस्ता, प्रॉपर्टी टॅक्स हे महापालिका. गावातली शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र हे जिल्हा परिषद. सातबारा, फेरफार हे तलाठी आणि तहसीलदार. पोलीस, सिंचन, मोठे रस्ते हे राज्य. रेल्वे, पासपोर्ट, कँटोन्मेंट हे केंद्र. दारच चुकलं तर मुख्यमंत्र्यांचा शेरा असूनही कागद फिरून तिथेच येतो.

आणि शेरा मिळालाच असेल तर तो लॅमिनेट करू नका. त्याचा आवक क्रमांक आणि तारीख घ्या, कुठल्या विभागाच्या कुठल्या कार्यासनाकडे गेलाय ते विचारा (कार्यासन म्हणजे मंत्रालयातलं तुमचा विषय बघणारं टेबल), महिनाभर वाट बघा. काहीच कळलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि त्यात "माझ्या कामाचं काय झालं" असं विचारू नका, "अमुक क्रमांकाच्या निवेदनावरील टिपणीच्या सर्व पानांची प्रत द्यावी" असं लिहा. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या काकांनी शेवटी तेच केलं, तेव्हा कुठे कळलं की फाईल पुण्यातून एका मोजणी नकाशाची वाट बघत थांबलीये, आणि तो नकाशा त्यांच्या घरातच होता. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन जमा केला आणि पोच घेतली.